दशावताराच्या रात्रीच्या प्रयोगांसाठी परवडणारी लेन्स कोणती घ्यावी?

कर्लीकाठ (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

मी कुडाळ तालुक्यात राहतो. माझ्याकडे कॅननचा १५००डी हा कॅमेरा आहे आणि त्याच्यासोबत एकाच खोक्यात आलेल्या १८-५५ व ५५-२५० या दोन किट लेन्स आहेत (हे आकडे मिलिमीटरमधील फोकल लेंग्थचे; आकडा मोठा तितके दृश्य जवळचे). दिवसाच्या उजेडात या दोन्हींबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उगवणारी रानफुले असोत की निवतीच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या असोत, छायाचित्रे मनाजोगी येतात. अडचण येते ती रात्री.

त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास आमच्याकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर दशावताराचे प्रयोग पहाटेपर्यंत चालतात. आमच्या परिसरातील जुन्या दशावतारी कलावंतांची, त्यांच्या वेशभूषेची आणि रंगपटात आरशासमोर बसून ते स्वतःच्या हाताने करतात त्या रंगभूषेची नीट छायाचित्रे काढून ठेवावीत, असे गावातील काही जणांच्या मनात आहे, आणि कॅमेरा माझ्याकडे असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले आहे. रंगमंचावर मोजके एलईडी दिवे असतात आणि रंगपटात बहुधा एखादाच बल्ब असतो. फ्लॅश मी वापरत नाही, कारण त्याने नटाचे डोळे दिपतात आणि मागे बसलेल्या प्रेक्षकांचाही रसभंग होतो.

१८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेली की अ‍ॅपर्चर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे), आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० ठेवूनही शटरचा वेग १/३० सेकंदाच्या आसपासच राहतो. त्यामुळे संकासुराने उडी घेतली किंवा दोन राजपार्टी (राजाच्या भूमिकेतील) नट तलवारी घेऊन एकमेकांभोवती फिरू लागले की चेहरे पुसट येतात. शिवाय चित्र इतके रवाळ होते की भुवयांवरील आणि गालांवरील रंगाच्या बारीक रेषा त्यात हरवून जातात.

बारा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. फारच गरज असेल तर थोडे ताणता येईल, पण नवा कॅमेरा घेणे शक्य नाही. आतापर्यंत माझ्यासमोर आलेले पर्याय असे आहेत: कॅननची ५० एफ/१.८ एसटीएम (एसटीएम हे फोकसच्या मोटरचे नाव), कॅननचीच २४ एफ/२.८ एसटीएम ही चपटी लेन्स, कोणाकडून तरी वापरलेली १७-५० एफ/२.८, आणि दुकानदाराच्या आग्रहामुळे ७५-३००. एका मित्राने १०-१८ सुचवली आहे. यांपैकी कोणती घ्यावी आणि का, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

दांडीकिनारा

प्रथम दोन पर्याय बाजूला काढू या, म्हणजे विचार सोपा होईल. ७५-३०० या लेन्सचे अ‍ॅपर्चर तुमच्या ५५-२५० इतकेच, म्हणजे एफ/४ ते एफ/५.६ आहे आणि तिच्यात हात हलल्याचा परिणाम कमी करणारी स्थिरीकरणाची सोयही नाही. जे तुमच्याकडे आहे त्याहून ती अंधारात एक पाऊलही पुढे नेणार नाही. १०-१८ ही सड्याच्या विस्तृत दृश्यांसाठी आणि देवळाच्या सभामंडपासाठी उत्तम आहे, वजनानेही हलकी आहे, परंतु तिचे अ‍ॅपर्चर एफ/४.५ पासून सुरू होते, म्हणजे रात्री ती तुमच्या किट लेन्सच्या रुंद टोकापेक्षाही मागे पडेल. तुमच्या मित्राचा सल्ला वाईट नाही; तो वेगळ्या कामासाठी आहे.

आता उरलेल्या तिन्हींचा हिशोब तुमच्याच आकड्यांवरून करू. एफ/५.६, आयएसओ ६४०० आणि १/३० सेकंद ही तुमची आजची स्थिती. उभा राहून संवाद म्हणणारा नट टिपायला १/१२५ सेकंद तरी हवे, म्हणजे आहे त्याच्या चौपट प्रकाश हवा. एफ/५.६ वरून एफ/२.८ वर आलात तर बरोबर चौपट प्रकाश मिळतो, आणि तो सगळा शटरचा वेग वाढवण्यात खर्च होतो. आयएसओ ६४०० वरच राहतो. याउलट ५० एफ/१.८ ही लेन्स एफ/२ वर वापरलीत तरी आठपट प्रकाश मिळतो, त्यातून १/१२५ चा वेग साधून आयएसओ ३२०० वर आणता येतो. ती पूर्ण उघडली तर जवळजवळ दहापट प्रकाश येतो. रंगाच्या बारीक रेषा हव्या असतील तर हा फरक किरकोळ नाही, कारण १५००डीच्या सेन्सरवर ३२०० आणि ६४०० यांच्यात बरेच अंतर पडते.

स्थिरीकरणाबद्दल अनेकांचा गैरसमज असतो म्हणून लिहितो. तुमच्या किट लेन्समध्ये ते आहे आणि ५० एफ/१.८ मध्ये ते नाही. पण ते तुमच्या हाताचा कंप सावरते, संकासुराची उडी थांबवत नाही. हलणाऱ्या माणसासाठी उपयोगी पडतो तो फक्त शटरचा वेग, आणि अंधारात शटरचा वेग येतो तो मोठ्या अ‍ॅपर्चरमुळे.

मात्र ५० घेण्यापूर्वी एक गोष्ट नक्की तपासा: तुम्ही रंगमंचापासून किती लांब बसता? तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद आहे, त्यामुळे ५० ची लेन्स त्यावर जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरील ८० च्या लेन्सइतके दृश्य दाखवते. पाच मीटर अंतरावरून कॅमेरा आडवा धरला तर सुमारे सव्वादोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच एवढेच दृश्य मावते. म्हणजे एक नट कमरेपासून मुकुटापर्यंत छान येईल, कॅमेरा उभा धरला तर पायांपासून मुकुटापर्यंत पूर्ण येईल, पण युद्धातील दोघे नट तलवारींसह एका चौकटीत बसणार नाहीत. २४ ची लेन्स त्याच अंतरावरून साडेचार मीटरपेक्षा जास्त रुंदी दाखवते, म्हणजे जवळजवळ सगळा रंगमंच.

याचा अंदाज पैसे न घालवता घेता येतो. तुमच्या आधीच्या जत्रांमधील जी छायाचित्रे तुम्हाला चौकटीच्या दृष्टीने आवडली आहेत, ती संगणकावर कॅननच्या मोफत मिळणाऱ्या डिजिटल फोटो प्रोफेशनलमध्ये उघडा आणि प्रत्येकाची फोकल लेंग्थ पाहा. बहुतेक छायाचित्रे ४० ते ५५ च्या दरम्यान असतील तर ५० घ्यावी, आणि १८ ते ३० च्या दरम्यान असतील तर ती लेन्स कितीही स्वस्त आणि चांगली असली तरी तुमच्या कामाची नाही.

सडा_ते_सागर

वरील हिशोब बरोबर आहे, तरीही माझे मत वेगळे आहे. दशावतारात पुढे काय होणार हे लिहून ठेवलेले नसते. संवाद उत्स्फूर्त असतात, नट रंगात आला की रंगमंच सोडून प्रेक्षकांतही येतो, आणि मधल्या त्या एका बाकड्याचे सिंहासनही होते आणि पर्वतही होतो. अशा वेळी एकाच फोकल लेंग्थची लेन्स लावून खाली मांडी घालून बसलेल्या माणसाला उठून मागेपुढे सरकता येत नाही, कारण मागच्या आजीबाई लगेच ओरडतात. झूम हवाच.

म्हणून मी वापरलेली १७-५० एफ/२.८ सुचवेन. टॅमरॉनची जुनी, स्थिरीकरण नसलेली आवृत्ती स्वस्तात मिळते. तिचा फोकस आवाज करतो, पण मृदंग आणि झांज चालू असताना तो कोणाला ऐकू येणार? सिग्माची १७-५० एफ/२.८ ओएस ही २०१० साली आलेली लेन्स अधिक शांत आहे आणि तिच्यात स्थिरीकरणही आहे, मात्र ती अर्धा किलोपेक्षा जास्त वजनाची आहे आणि वापरलेलीसुद्धा बहुधा बारा हजारांत बसणार नाही. आयएसओ ६४०० वरचा रवाळपणा आजच्या सॉफ्टवेअरमध्ये बराच कमी करता येतो. चौकटीबाहेर गेलेली तलवार कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये परत आणता येत नाही.

दांडीकिनारा

आपल्या म्हणण्यात तथ्य आहे, पण सॉफ्टवेअर रवे काढताना रवे आणि रंगरेषा यांत फरक करू शकतेच असे नाही, आणि इथे उद्देश नोंद ठेवण्याचा आहे. शिवाय किट लेन्स कुठेही जात नाही. १८ ते २४ या भागात तिचे अ‍ॅपर्चर एफ/३.५ ते एफ/४ असते. सगळा रंगमंच दाखवणाऱ्या चित्रात चेहरा लहानच असतो आणि नट स्तब्ध असण्याचे क्षणही पुष्कळ येतात, विशेषतः नांदी आणि गणपतीच्या प्रवेशाच्या वेळी, तेव्हा ती पुरेशी ठरते. जिथे ती सर्वांत दुबळी आहे त्या ५० च्या टोकाला बळ देणे हाच मला कमी पैशांतील शहाणा खर्च वाटतो. किट लेन्सची सगळीच टोके थोडी थोडी सुधारायची असतील तर १७-५०. एकच टोक पण भरपूर सुधारायचे असेल तर ५०.

कर्लीकाठ

आपण सांगितल्याप्रमाणे जुनी छायाचित्रे तपासली. रंगमंचावरील जी छायाचित्रे मी निवडून ठेवली होती, त्यांतील बहुतेक ४५ ते ५५ ची निघाली. मी साधारणपणे पुढच्या रांगेत, डाव्या कडेला, पायपेटीवाल्याच्या जवळ बसतो; तिथून रंगमंचाचा मध्य चार-पाच मीटर असावा. रंगपटातील छायाचित्रे मात्र सगळी १८ ते २५ च्या दरम्यान आहेत, कारण ती जागा म्हणजे देवळाच्या ओवरीचा एखादा कोपरा असतो आणि पेटारे, कपडे आणि माणसे यांतून मागे सरकायला जागाच नसते. तिथे नट बसलेला असतो, फारसा हलत नाही, पण उजेड रंगमंचापेक्षाही कमी असतो.

सडा_ते_सागर यांचे म्हणणेही पटते, म्हणून विचारतो. वापरलेली लेन्स घेताना काय पाहावे? आमच्या दमट हवेत कोणाच्या तरी कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेली लेन्स घेण्याची भीती वाटते.

भिंगकर

ही भीती रास्त आहे. मी हौस म्हणून जुन्या लेन्स उघडून साफ करतो, त्यामुळे किनारपट्टीवरील घरांतून आलेल्या लेन्स आतून कशा दिसतात हे चांगले ठाऊक आहे.

लेन्स हातात घेतल्यावर दोन्ही बाजूंची झाकणे काढा, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरा आणि पुढून आत पाहा. मग उलट बाजूने तसेच करा. धुळीचे सुटे कण दिसले तर घाबरू नका, त्यांचा चित्रावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. पण कडेकडून आत येणारे, कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. ती काचेवरच्या लेपावर वाढते आणि बराच काळ राहिली तर लेप कुरतडते. मग साफ केल्यावरही तिचा ठसा राहतो आणि दिव्यांच्या दिशेने छायाचित्र काढताना चित्र धुरकट दिसते. तुम्ही नेमके दिव्यांच्या दिशेनेच छायाचित्रे काढणार आहात, म्हणून बुरशीची लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. पोटात सर्वत्र एकसारखा धूसर थर दिसला तर तीही नको.

त्यानंतर झूमचे कडे सावकाश फिरवून पाहा. वाळूचा खरखर आवाज आला, किंवा एखाद्या ठिकाणी कडे अडले, तर ती लेन्स किनाऱ्यावर बरीच फिरलेली आहे असे समजावे. माउंटच्या, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याच्या, धातूवर हिरवट किंवा पांढुरके डाग आणि स्क्रूंवर गंज दिसत असेल तर खारे पाणी आतपर्यंत गेले असण्याची शक्यता असते.

शेवटी, आणि हे टॅमरॉन व सिग्मा यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे, ती तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून फोकस तपासा. एका ओळीत पण थोड्या कमीजास्त अंतरावर ठेवलेल्या वस्तूंपैकी मधल्या वस्तूवर मधल्या बिंदूने फोकस करा, अ‍ॅपर्चर एफ/२.८ ठेवा, आणि चित्र मोठे करून पाहा की मधलीच वस्तू स्पष्ट आहे की तिच्या पुढची वा मागची. महागड्या कॅमेऱ्यांत हा फरक मेनूमधून दुरुस्त करता येतो. १५००डीमध्ये ती सोय नाही. त्यामुळे फोकस चुकणारी लेन्स तुमच्यासाठी कायमचीच चुकणारी ठरेल. कुरियरने मागवून ‘पाहू’ असे म्हणण्यापेक्षा विकणाऱ्याला समोरासमोर भेटणे बरे.

आता साठवणुकीबद्दल, कारण लेन्स नवी घेतली तरी कोकणात तिचे आयुष्य तुमच्या कपाटावर अवलंबून आहे. बारा हजारांतून थोडी रक्कम यासाठी बाजूला ठेवाच. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे एक छोटे मापक एवढे पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहा. फार कोरडे ठेवण्याचीही गरज नाही. रंग बदलणारे सिलिका जेल घेतले की ते ओलावा पिऊन संपले हे कळते, आणि मंद आचेवर गरम करून ते पुन्हा वापरता येते. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत लेन्स महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण ती पिशवीच ओलावा धरून ठेवते. आणि लेन्स वापरत राहावी. बुरशीला अंधार, ओलावा आणि स्थिर हवा मिळाली की ती वाढते, म्हणून आषाढ-श्रावणात काढण्यासारखे काही नसले तरी मधूनमधून डबा उघडून पाहत जावे.

हर्णैबंदर

चर्चा कॅननची असली तरी एक शंका विचारतो. माझ्याकडे निकॉनचा डी३२०० आहे. बंदरावरील मासळीचा लिलाव संध्याकाळी उशिरापर्यंत चालतो आणि मलाही कमी प्रकाशाचीच अडचण आहे. माझ्यासाठीही ५० एफ/१.८ च योग्य ठरेल का?

दांडीकिनारा

लिलावात तुम्ही गर्दीच्या आत उभे असणार, म्हणून आपल्यासाठी ३५ एफ/१.८जी डीएक्स (डीएक्स म्हणजे निकॉनच्या लहान सेन्सरसाठीची) अधिक सोयीची. ती २००९ सालापासून मिळते, वजन २०० ग्रॅम आहे, आणि निकॉनच्या १.५ पटीच्या हिशोबाने ती साधारण ५२ इतके दृश्य दाखवते. जुन्या बाजारात ५० एफ/१.८डी फार स्वस्त दिसेल, पण तिच्यात फोकसची मोटर नाही आणि डी३२०० च्या अंगातही ती नाही, म्हणून फोकस हातानेच करावा लागेल. नावात एएफ-एस, म्हणजे लेन्समध्येच मोटर, असेल तीच घ्यावी. एएफ-पी लिहिलेल्या नव्या लेन्सही घेऊ नयेत, डी३२०० वर त्यांचा फोकस चालत नाही.

विंगेतून

मी रत्नागिरीत हौशी नाटकांची छायाचित्रे काढते. लेन्सबद्दल माझे मत ५० एफ/१.८ च्या बाजूने आहे, पण वरच्या हिशोबात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते: शटरचा वेग १/१२५ ऐवजी १/१०० ठेवावा.

आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे आणि जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. शटर १/१०० सेकंद उघडे राहिले तर प्रत्येक छायाचित्रात दिव्याचे एक पूर्ण आवर्तन येते आणि सगळी छायाचित्रे सारखी उजळ येतात. त्याहून वेगाने, म्हणजे १/२०० किंवा १/२५० वर गेलात, तर लागोपाठ काढलेल्या छायाचित्रांपैकी एक उजळ, एक काळवंडलेले आणि एखाद्यात आडवा पट्टा असा प्रकार होतो, आणि माणूस उगीच लेन्सला दोष देत बसतो. युद्धाच्या प्रसंगी १/१०० कमी पडते हे खरे, पण त्या हालचालींतही दोघे नट तलवार उगारून क्षणभर थांबतात. मृदंगाच्या तालावर कान ठेवला की तो क्षण आधीच कळतो. साधा पिवळा बल्ब असेल तर हा त्रास पुष्कळ कमी होतो, त्यामुळे रंगपटात वेगाची निवड मोकळेपणाने करता येईल.

दुसरे असे की दशावतारात नटाच्या मागे बहुधा गडद पडदा किंवा काळोख असतो. कॅमेरा त्या काळोखाला पाहून चित्र उजळ करू पाहतो आणि पावडर लावलेला चेहरा पांढराफटक होतो. यावर उपाय म्हणजे मॅन्युअल मोडवर जाऊन चेहऱ्यावरून एकदा मोजमाप ठरवावे आणि दिवे बदलत नाहीत तोपर्यंत ते तसेच ठेवावे. चित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात काढावीत, कारण एकाच रंगमंचावर पिवळा बल्ब आणि निळसर एलईडी असे दोन्ही असतात आणि चेहऱ्याचा रंग नंतर सावरावा लागतो.

फोकससाठी फक्त मधला बिंदू वापरावा. १५००डीमधील नऊ बिंदूंपैकी तोच एक उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा ओळखणारा आहे, बाकीचे अंधारात चाचपडतात. तीन मीटरवर ५० ची लेन्स एफ/१.८ ला उघडली की स्पष्टतेची खोली जेमतेम पाव मीटर उरते, म्हणजे डोळ्यांवर फोकस केला तर मुकुट आणि दागिने स्पष्ट येतील, पण पुढे पसरलेला हात येणार नाही. मी स्वतः एफ/२.२ च्या आसपास राहते, आणि ती लेन्स तिथे पूर्ण उघड्या अवस्थेपेक्षा अधिक स्वच्छही दिसते.

सडा_ते_सागर

१/१०० चा मुद्दा उपयुक्त आहे, मलाही तो माझ्या छायाचित्रांत पडताळून पाहावा लागेल. कर्लीकाठ यांची आवडती छायाचित्रे ४५ ते ५५ ची असतील तर माझा आग्रह मी सोडतो, मात्र रंगपटाचे काय? तिथे दीड मीटर अंतरावरून ५० च्या लेन्समध्ये चेहरा आणि मुकुट एवढेच येणार. आरसा, रंगांच्या वाट्या आणि शेजारी अर्ध्या वेशात बसलेला स्त्रीपार्टी नट हे काहीच दिसणार नाही. नोंद ठेवायची असेल तर ते महत्त्वाचे नाही का?

दांडीकिनारा

आहे. तिथे नट बसलेला असल्यामुळे किट लेन्स १८ वर, एफ/३.५ वर, १/३० सेकंदाने चालवता येईल, आणि इथे मात्र तिच्यातील स्थिरीकरण खरोखर उपयोगी पडेल. आरशासमोर बसलेल्या माणसाचा हात तेवढा हलेल. पुढे कधी पैसे जमले तर २४ एफ/२.८ ही रंगपटासाठी दुसरी लेन्स म्हणून घ्यावी. ती सव्वाशे ग्रॅमची आहे, १६ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस करते, आणि इतकी चपटी आहे की समोर बसलेला नट कॅमेऱ्याला बुजत नाही. पण २४ मिलिमीटरवर किट लेन्स एफ/४ देते आणि ही एफ/२.८, म्हणजे फायदा दुप्पट प्रकाशाचा. ५० च्या बाबतीत तो जवळजवळ दहापट आहे. पहिले पैसे कुठे घालावेत हे त्यावरून ठरवता येते.

नवा कॅमेरा आज शक्य नाही असे आपण म्हटले आहे. तो कधी घेतलाच तर कॅननच्या आरशाविना (मिररलेस) असलेल्या आर मालिकेवर या दोन्ही लेन्स जोडणीच्या कड्याने चालतात, त्यामुळे आज घातलेले पैसे वाया जाणार नाहीत. ईएफ-एस, म्हणजे लहान सेन्सरसाठीची, असल्यामुळे २४ ची लेन्स मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर फक्त मधला भाग वापरील, ५० ला ती मर्यादा नाही.

कर्लीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ५० एफ/१.८ एसटीएम नवीच घेण्याचे ठरवले आहे. वापरलेल्या १७-५० साठी मला कोल्हापूर किंवा पणजीला जाऊन लेन्स पाहावी लागेल, आणि फोकस चुकला तर १५००डीवर उपाय नाही हे वाचल्यावर तो धोका नको वाटतो. उरलेल्या पैशांतून भिंगकर यांनी सांगितलेला डबा आणि मापक घेतो.

एक शेवटची शंका. दुकानदार सोबत यूव्ही फिल्टर घ्यायला सांगत आहे. किट लेन्सवरचा माझा फिल्टर याला चालेल का, आणि तो रात्री लावावा का?

भिंगकर

चालणार नाही. आपल्या किट लेन्सचा व्यास ५८ मिलिमीटर आहे आणि ५० एसटीएमचा ४९. नवा घ्यायचा असेल तर लेप दिलेला, बऱ्या प्रतीचा घ्या, आणि तो किनाऱ्यावर वारा सुटलेला असताना वापरा, कारण समुद्राचे तुषार लेन्सच्या काचेवरून पुसण्यापेक्षा फिल्टरवरून पुसणे सुरक्षित असते. कोरड्या कापडाने मात्र पुसू नका. मिठाचे कण घासले जातात. आधी ब्लोअरने उडवा, मग किंचित ओलसर मायक्रोफायबर कापडाने टिपा.

रात्री रंगमंचासमोर फिल्टर काढून ठेवा. चौकटीत उघडा दिवा असला की फिल्टरच्या सपाट काचेवरून परावर्तन होऊन त्याच दिव्याची हिरवट प्रतिमा नटाच्या अंगावर कुठेतरी उमटते. त्याऐवजी ईएस-६८ हे हूड, म्हणजे लेन्सच्या पुढे बसणारे कडे, लावा. ते बाजूच्या दिव्यांचा प्रकाश अडवते, गर्दीत लेन्सला लागणारे धक्केही झेलते, आणि माघ महिन्यात पहाटे दव पडू लागते तेव्हा पुढची काच लवकर ओली होऊ देत नाही. काच ओली झालीच तर पुसत बसू नका. कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवा आणि बाहेरच्या हवेशी त्याचे तापमान जुळले की मग काढा. घरी आल्यावर लगेच डब्यात बंद करू नका, आधी पंख्याखाली पूर्ण कोरडा होऊ द्या.